संडे स्कूलच्या फॉर्मवर मी सही का केली नाही : आपल्या मंडळीच्या कमिटीला खुलं पत्र

आदरणीय पाळकसाहेब, कमिटीचे सगळे सभासद आणि बुधवारी बायबल स्टडीला बसणारे माझे बंधू-भगिनी,

ख्रिस्तात सलाम.

दोन रविवारांपूर्वी उपासना संपल्यावर संडे स्कूलच्या आम्हा सगळ्या टीचर लोकांच्या हातात एक फॉर्म दिला गेला आणि पुढच्या रविवारपर्यंत सही करून आणा म्हणून सांगितलं. बाकीच्यांनी तिथेच व्हरांड्यात उभ्या उभ्या सही केली. मी घरी नेला, तीनदा वाचला आणि तसाच कोरा परत आणला. तेव्हापासून ऐकतेय की ताई लिबरल झाल्या, ताईंचा वचनावरचा विश्वास उडाला, सुनेने त्यांना फिरवलं. २२ वर्षं झाली मला या मंडळीच्या पोरांना शिकवून, त्यातली काही आता स्वतःची लेकरं माझ्या वर्गात सोडायला येतात, म्हणून मला वाटलं की कुजबुज ऐकत बसण्यापेक्षा मीच सगळ्यांसमोर सरळ लिहावं.

फॉर्मवर पाच ओळी आहेत. येशू देवाचा पुत्र, त्याचं मरण आणि पुनरुत्थान, कृपेने तारण, या तीन ओळींखाली मी आत्ता सही करते, मध्यरात्री उठवून विचारलं तरी करते. अडलंय ते उरलेल्या दोन ओळींवर. एक म्हणते की पवित्र शास्त्राची ६६ पुस्तकं, आणि फक्त तीच, मूळ लिखाणात प्रत्येक बाबतीत, अगदी इतिहास आणि आकड्यांसकट, पूर्ण चूकविरहित आहेत. दुसरी म्हणते की मंडळीत वापरतो तेच भाषांतर खरं, दुसरं कुठलं वाचू नये आणि पोरांना दाखवू नये.

या ओळी एकदम कुठून आल्या ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. जानेवारीत माझी आई गेली. महिनाभराने घरी स्मरणाची प्रार्थना ठेवली, तुम्ही बहुतेक जण आला होतात, आणि त्या दिवसात तुम्ही आम्हाला जो आधार दिला तो मी विसरलेली नाही. माझी सून वसईची, कॅथलिक. आईची शेवटची दोन वर्षं तिनेच सेवा केली, अंथरुणातलं सगळं केलं. त्या संध्याकाळी तिने विचारलं, मम्मी मी एक वाचन करू का, आणि लग्नात तिच्या वडिलांनी दिलेलं तिचं बायबल उघडलं. शलमोनाच्या नावाने ओळखलं जाणारं ज्ञानाचं पुस्तक आहे ना, त्याच्या तिसऱ्या अध्यायाची सुरुवात. नीतिमान माणसांचे आत्मे देवाच्या हातात आहेत, मूर्खांना वाटतं ते मेले, पण ते शांतीत आहेत, असं काहीसं ते वचन आहे. दोन वाक्यं झाली असतील, तेवढ्यात आपल्यातल्या एका ज्येष्ठ बंधूंनी हात वर करून तिला थांबवलं, हे बायबलमध्ये नाही, दुसरं काही वाचा म्हणाले. ती काही बोलली नाही. पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं आणि खाली बघत बसली. मग कोणीतरी तेविसावं स्तोत्र सुरू केलं आणि आपण सगळे म्हणालो, मी पण म्हणाले.

त्या रात्री मी आईच्या खोलीत बसून विचार करत होते की "हे बायबलमध्ये नाही" या वाक्याचा अर्थ नक्की काय. कोणाच्या बायबलमध्ये नाही?

कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तकं, आपल्या प्रॉटेस्टंटांकडे ६६, इथिओपियाच्या जुन्या मंडळीकडे ८१. नव्या करारावर आज जवळजवळ सगळ्यांचं एकमत आहे, २७. आणि ही २७ ची यादी आपल्याला पहिल्यांदा जशीच्या तशी मिळते ती इ. स. ३६७ मध्ये, अलेक्झांड्रियाचे बिशप अथनेशियस यांनी ईस्टरच्या निमित्ताने मंडळ्यांना लिहिलेल्या पत्रात. म्हणजे प्रभूच्या पुनरुत्थानानंतर तीनशेहून जास्त वर्षांनी. आणि त्याच पत्रात जुन्या कराराची यादी बघितली तर तिच्यात एस्तेर नाही आणि बारूख आहे! एस्तेर त्यांनी "वाचायला चांगली" अशा वेगळ्या रांगेत ठेवली. सिरियाच्या मंडळीच्या जुन्या बायबलात प्रकटीकरण नव्हतं, यहूदाचं पत्र नव्हतं, २ पेत्र नव्हतं. मार्टिन ल्यूथरने १५२२ च्या नव्या कराराच्या प्रस्तावनेत याकोबाच्या पत्राला गवताकाडीचं पत्र म्हटलं, आणि इब्री, याकोब, यहूदा, प्रकटीकरण ही चार शेवटी नेऊन ठेवली. काढली मात्र नाहीत, आणि १५३४ चं त्याचं पूर्ण बायबल आलं त्यात आपण ज्याला अपोक्रिफा म्हणतो ती, ज्ञानाच्या पुस्तकासारखी जास्तीची पुस्तकं पण दोन करारांच्या मध्ये छापलेली होती. १६११ च्या किंग जेम्स बायबलात सुद्धा होती.

मग आपल्याकडे का नाहीत? यातला एक भाग मला स्वतःला उशिरा कळला आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. १८२६ मध्ये ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीने ठरवलं की ती पुस्तकं असलेल्या बायबलांना यापुढे पैसे द्यायचे नाहीत, स्कॉटलंडमधल्या लोकांनी त्यावरून मोठा वाद घातला होता. आणि चर्च मिशनरी सोसायटीचे मिशनरी नाशिकला आले १८३२ मध्ये. म्हणजे आपल्या खापरपणजोबांच्या हातात जे बायबल पडलं त्यात ती पुस्तकं नव्हतीच, त्यांनी ती तपासून नाकारली असं झालंच नाही.

आणि जे मिशनरी आले ते अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचे होते. त्यांच्या ३९ कलमांपैकी सहावं कलम काढून बघा. ज्ञानाचं पुस्तक, तोबित, मक्काबी वगैरे नावं देऊन तिथे म्हटलंय की ही पुस्तकं मंडळी जीवनाचं उदाहरण आणि आचरणाचं शिक्षण म्हणून वाचते, पण त्यांच्यावरून सिद्धांत ठरवत नाही. वाचते! ज्यांनी नाशिकची शरणपूर ही ख्रिस्ती वस्ती वसवली त्यांच्या धर्मकलमांना जे वाचन चालतं ते आपल्याला एका म्हातारीच्या स्मरणाला चालू नये? सिद्धांत कोण ठरवत होतं तिथे, माझी सून फक्त तिच्या आजेसासूला निरोप देत होती.

मी असं म्हणत नाही की उद्यापासून ७३ पुस्तकं धरा. आपली परंपरा ६६ ची, मी त्यातच वाढले, माझं तेवढ्यावर पोट भरतं. लॅटिन बायबल करणाऱ्या जेरोमला पण इब्रीत नसलेल्या पुस्तकांबद्दल शंका होती, त्याच काळातल्या बिशप ऑगस्टिनला ती हवी होती, दोघंही देवाची माणसं. माझं म्हणणं एवढंच की यादी आकाशातून छापून पडली नाही, माणसांनी प्रार्थना करून, भांडून, वाचून वाचून ओळखली. त्यात पवित्र आत्म्याचं काम होतं असं मी मनापासून मानते. पण ते काम शतकानुशतकं चाललं हे पोरांना सांगायला आपण का घाबरतो ते मला समजत नाही.

आता भाषांतराबद्दल, आणि इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण मराठीची टीचर म्हणून हा विषय माझ्या फार जवळचा आहे.

मार्कच्या चौथ्या अध्यायात वादळ आहे. येशू नावेत मागे उशाशी डोकं ठेवून झोपलाय, पाणी आत येतंय, शिष्य त्याला उठवून म्हणतात, गुरुजी, बुडतोय, तुम्हाला काही वाटत नाही का. आता ग्रीकमध्ये "आपण" आणि "आम्ही" याला एकच रूप आहे, इंग्रजीतही तसंच. मराठीत मात्र निवडावंच लागतं. "आम्ही बुडतोय" म्हटलं तर शिष्यांना वाटतंय की येशू बुडणार नाही, तो वेगळा आहे, आणि तरी त्याला आमची पर्वा नाही, म्हणजे तक्रार. "आपण बुडतोय" म्हटलं तर त्यांनी अजून त्याला ओळखलंच नाही, तोही आपल्याबरोबर तळाला जाणार अशी भीती. दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पुढचं सगळं प्रवचन बदलतं. आणि मूळ मजकूर सांगत नाही यातलं कोणतं! मराठी भाषांतरकाराला गुडघे टेकून, विचार करून, एक लिहावंच लागतं. मग त्याने निवडलेला तो एक शब्द सुद्धा चूकविरहित धरायचा का? मी सातवीच्या वर्गात हे दोन्ही फळ्यावर लिहिलं होतं आणि पोरांना विचारलं होतं की तुम्ही नावेत असता तर काय म्हणाला असता. अर्धा तास वर्ग हलला नाही. एक मुलगी म्हणाली, टीचर मी आधी आपण म्हणेन आणि त्याने वारा थांबवल्यावर मला कळेल की आम्ही म्हणायला पाहिजे होतं. अकरा-बारा वर्षांची पोरगी! दुसरं भाषांतर दाखवायचं नाही असा नियम असता तर हा वर्ग झालाच नसता.

तसंच तू, तुम्ही आणि आपण. ग्रीकमध्ये एका माणसाशी बोलताना राजा असो की भिकारी, एकच सर्वनाम. आपल्या मराठी बायबलात कुष्ठरोगी येशूला आपण म्हणतो आणि पिलात तू म्हणतो. बरोबरच आहे, आपल्या कानाला तसंच हवं, पण तो मान भाषांतरकाराने दिलाय, मूळ अक्षरांत तो नाही. काना गावच्या लग्नात येशू आईला "बाई" म्हणतो, त्यावरून मला दरवर्षी पोरं विचारतात की टीचर येशू आईशी असा का बोलला. मी त्यांना सांगते की मूळ शब्दात अपमान नाही, वधस्तंभावरून तिला योहानाच्या स्वाधीन करताना पण तो तोच शब्द वापरतो, आणि माझ्या आजोळी तर आजीला सगळे बाईच म्हणायचे, सख्खे मुलगे सुद्धा. ज्या घरात आईला बाई म्हणतात तिथे हे वचन वेगळं ऐकू येतं आणि ज्या घरात कामवालीला बाई म्हणतात तिथे वेगळं. शब्द तोच.

अजून एक, हे कमिटीतल्या बंधूंनी स्वतः आपल्या हातातल्या बायबलात बघावं. स्तोत्र ४० मध्ये सहाव्या ओवीत देवाने कान उघडले असं आहे. इब्रीकरांस पत्राच्या दहाव्या अध्यायात, पाचव्या ओवीत, तेच स्तोत्र घेतलंय पण तिथे कानाऐवजी "माझ्यासाठी शरीर तयार केलं" असं आहे. असं का, तर पत्र लिहिणाऱ्याने इब्री मजकूर घेतलाच नाही, त्याच्यासमोर जुन्या कराराचं ग्रीक भाषांतर होतं आणि त्याने त्या भाषांतरावरच ख्रिस्ताच्या देहाचं सगळं शिक्षण उभं केलं. म्हणजे प्रेषितांच्या काळच्या मंडळीला भाषांतर हे देवाचं वचन वाटत होतं, मुळाशी अक्षर न अक्षर जुळत नसतानाही. मी हे पहिल्यांदा समजून घेतलं तेव्हा माझा विश्वास हलला नाही, उलट मी रडले, की देवाने आपल्यासारख्या अनुवादावर जगणाऱ्या लोकांना किती जवळ धरलंय. स्वतः येशूचं बोलणं अरामीत, शुभवर्तमानं ग्रीकमध्ये. मार्क "तलीथा कूम" असे काही शब्द मूळ ठेवतो आणि लगेच अर्थ सांगतो, मुली, उठ. पहिल्या दिवसापासून आपण भाषांतरातच ऐकतोय.

आपल्या मराठीत तर हा वारसा केवढा मोठा आहे! फादर स्टीफन्स इंग्लंडहून १५७९ मध्ये गोव्याला आले आणि १६१६ मध्ये त्यांनी ख्रिस्तपुराण छापलं, बायबलची सगळी कथा ओवीमध्ये, इथल्या लोकांच्या कानाला सवय होती त्या चालीत. सेरामपूरला विल्यम कॅरीने १८११ मध्ये मराठी नवा करार छापला, पुढे मुंबईहून १८४७ मध्ये पूर्ण बायबल आलं, बाबा पदमनजींसारख्या माणसांनी त्याची भाषा पुन्हा पुन्हा घासली. पंडिता रमाबाईंना ती भाषा पण पटली नाही, संस्कृत शब्दांनी जड आहे, खेड्यातल्या बाईला समजत नाही आणि काही शब्द आपल्याबरोबर जुन्या तत्त्वज्ञानाचे अर्थ घेऊन येतात असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्या इब्री आणि ग्रीक शिकल्या आणि आयुष्याची शेवटची बरीच वर्षं एकटीने पूर्ण बायबल मराठीत केलं, काम पुरं करून ५ एप्रिल १९२२ ला गेल्या, आणि केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांनीच ते छापलं. माझी आजी केडगावला वाढली. आईच्या उशाशी जे जाडजूड, कडा गेलेलं बायबल असायचं ते रमाबाईंचं. आणि आपल्या काळात वसईच्या फादर दिब्रिटोंनी सुबोध बायबल केलं, ज्याला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, माझ्या सुनेच्या मांडीवर त्या दिवशी होतं ते हेच.

फॉर्मच्या शेवटच्या ओळीप्रमाणे आता आईचं बायबल पण चालणार नाही आणि सुनेचं पण नाही. मला सांगा, यातलं कोणतं मी कोणाच्या हातातून काढून घेऊ?

आणि नाशिकमध्ये तरी आपण हे करू नये. शरणपूरला गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं शिकली, त्यातला जेकब वेनराइट १८७३ मध्ये आफ्रिकेत फिरलेला मिशनरी प्रवासी लिव्हिंग्स्टन याच्या मरणानंतर त्याच्यासाठी दफनाची प्रार्थना वाचतो आणि पुढच्या वर्षी शव घेऊन लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीपर्यंत जातो. लक्ष्मीबाई टिळक इथल्याच, गोदाकाठच्या जलालपूरच्या, आणि त्यांचा शेवट पण नाशिकलाच, १९३६ मध्ये. त्यांचे पती रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंगात ख्रिस्त गायला म्हणून तर आपल्या आजोबा-आजींना तो आपला वाटला. आज आपल्या उपासनेत पेठ-सुरगाण्याकडची माणसं मागच्या बाकावर बसतात, त्यांची घरची बोली वेगळी, आपलं छापील मराठी त्यांना अर्धं समजतं. त्यांना आपण सांगणार आहोत का की हेच एक खरं?

या गोष्टी नवीन पण नाहीत. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर आफ्रिकेत ओएया म्हणून गाव होतं, आजचं त्रिपोली, तिथे बिशपने जेरोमचं नवीन भाषांतर वाचलं आणि योनाच्या डोक्यावरच्या वेलाचं नाव लोकांना पाठ असलेल्यापेक्षा वेगळं निघालं. एवढा दंगा झाला की मंडळी सोडून जाईल या भीतीने बिशपला तो शब्द मागे घ्यावा लागला. ऑगस्टिनने हे स्वतः जेरोमला पत्रात कळवलंय. एका भोपळ्याच्या वेलावरून! लोकांचं काही चुकलं नव्हतं, त्यांना लहानपणापासूनचा शब्द प्रिय होता. मला पण माझी जुनी वचनं जुन्याच शब्दांत आवडतात. पण प्रिय असणं वेगळं आणि दुसऱ्याचं बंद करणं वेगळं.

आता सगळ्यात कठीण ओळ, चूकविरहित.

गेल्या वर्षीची गोष्ट, दहावीतला एक मुलगा. हुशार, नियमित, कॅरोलला गिटार वाजवणारा. त्याने मोबाइलवर कुठेतरी व्हिडिओ पाहिला आणि युवकांच्या सभेत विचारलं की मत्तय २७ मध्ये यहूदा इस्कर्योत गळफास घेतो आणि याजक त्या पैशातून शेत विकत घेतात, आणि प्रेषितांची कृत्ये १ मध्ये यहूदा स्वतः शेत घेतो आणि पालथा पडून त्याचं पोट फुटतं, मग झालं काय? त्याला उत्तर मिळालं की अशा शंका सैतान घालतो, आईवडिलांना सांग तुझा मोबाइल काढून घ्यायला. त्या दिवसानंतर तो आला नाही. मी त्या खोलीत होते. मला या दोन वचनांबद्दल थोडं माहीत होतं आणि मी गप्प बसले, कारण बोलणारे बंधू माझ्यापेक्षा वयाने मोठे होते. त्याचं मला रोज वाईट वाटतं.

त्याने विचारलं ते एकच ठिकाण नाही. २ शमुवेल २४ मध्ये दाविदाला लोकांची मोजणी करायला परमेश्वराचा कोप प्रवृत्त करतो, १ इतिहास २१ मध्ये तेच सैतान करतो. गल्याथाला दावीद मारतो हे लहान पोराला पण माहीत आहे, पण २ शमुवेल २१:१९ चा इब्री मजकूर त्याला मारणारा एलहानान असल्याचं सांगतो. यहोयाखीन राजा झाला तेव्हा २ राजे २४ प्रमाणे १८ वर्षांचा, २ इतिहास ३६ च्या इब्री प्रतींत ८ वर्षांचा. शेवटचं बहुतेक नक्कल करणाऱ्याच्या हातून दहाचा आकडा सुटल्यामुळे झालंय, दाविदाच्या मोजणीबद्दल इतिहासाची पुस्तकं लिहिणाऱ्याला नंतरच्या काळात दुष्टाईचं मूळ देवाकडे द्यायला जड गेलं असेल, आणि यहूदाच्या मरणाबद्दल दोन आठवणी मंडळ्यांमध्ये फिरत होत्या असं बरेच अभ्यासक म्हणतात, काही जण दोन्हींचा मेळ पण घालतात, आधी फास मग दोर तुटून पडला असं. ही उत्तरं पटोत न पटोत, पोराला देता येतात. त्यासाठी मोबाइल काढून घ्यावा लागत नाही.

फॉर्ममधली ओळ कुठून आली ते मी शोधलं. १९७८ मध्ये शिकागोला जवळजवळ ३०० इव्हँजेलिकल पुढारी जमले आणि १९ कलमांचं निवेदन काढलं, तिथली ही भाषा आहे. मी ते सगळं वाचलं, त्या माणसांचा वचनावरचा आदर खरा आहे. पण त्याचं दहावं कलम स्वतःच म्हणतं की प्रेरणा काटेकोरपणे लागू होते ती फक्त मूळ हस्तलिखिताला. आणि मूळ हस्तलिखित, पौलाने स्वतः सांगून लिहवून घेतलेला तो कागद, आज जगात कुठेही नाही. आपल्याकडे आहेत त्या नकला, हजारो, आणि त्यांच्यात फरक आहेत, बहुतेक बारीक, काही मोठे. सिनाय पर्वताच्या मठात सापडलेल्या चौथ्या शतकाच्या प्रतीत मार्कचं शुभवर्तमान १६:८ ला संपतं, बायका घाबरून पळाल्या आणि कोणाला काही बोलल्या नाहीत, बस. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची गोष्ट त्या प्रतीच्या योहानात नाही. जुन्या करारात मात्र १९४७ च्या सुमारास मृत समुद्राजवळ यशयाची गुंडाळी मिळाली, आपल्या इब्री प्रतींपेक्षा जवळजवळ हजार वर्षं जुनी, आणि ती बघून लोक थक्क झाले की नकला करणाऱ्यांनी किती जपलंय. दोन्ही गोष्टी खऱ्या, दोन्ही सांगायला हव्यात.

माझ्या घरात हे रोज संध्याकाळी ऐकू येतं. जेवणाआधी आम्ही प्रभूची प्रार्थना म्हणतो. सून "आम्हांला वाइटापासून सोडव" इथे थांबते, कारण कॅथलिक लोकांची तिथे संपते, आणि मी, माझे मिस्टर आणि मुलगा पुढे जातो, राज्य, पराक्रम व गौरव ही सर्वकाळ तुझी आहेत. सुरुवातीला मला वाटायचं तिची अर्धवट आहे. मग कळलं की मत्तयच्या सगळ्यात जुन्या प्रतींत ते शेवटचं वाक्य नाही, बऱ्याच मराठी आवृत्त्यांत त्याला कंस असतो किंवा खाली टीप असते, पण अगदी पहिल्या काळातल्या डिडाखे नावाच्या लिखाणात प्रार्थनेच्या शेवटी तसे शब्द येतात. म्हणजे मंडळी ते फार लवकर म्हणायला लागली होती. आता ती थांबते, आम्ही म्हणतो, ती ऐकते, मग आमेन सगळे मिळून. नातवाला दोन्ही येतं, चार वर्षांचा आहे.

तुमची भीती मला कळते, खरंच कळते. आपण संख्येने थोडे, बाहेर वातावरण कसं आहे ते आपण सगळे बघतोय, ऑफिसात, सोसायटीत कोणीही म्हणतं की तुमचं पुस्तक बदललेलं आहे. अशा वेळी एक वीट हलवली तर भिंत पडेल असं वाटतं. पण जो मुलगा यहूदाबद्दल विचारून उत्तर न मिळता बाहेर गेला, त्याला बाहेर तेच वाक्य भेटणार आहे, आणि तेव्हा त्याला वाटेल की मंडळीला माहीत होतं आणि त्यांनी लपवलं. ते जास्त वाईट नाही का? व्हॅटिकनच्या परिषदेने १९६५ मध्ये असं म्हटलं की आपल्या तारणासाठी देवाला जे सत्य शास्त्रात ठेवायचं होतं ते शास्त्र खात्रीने, विश्वासूपणे आणि चूक न करता शिकवतं. मी कॅथलिक नाही, पण या वाक्यावर मी सही करू शकते. यहोयाखीन १८ चा होता की ८ चा यावर माझं तारण टांगलेलं नाही. माझी आई शेवटच्या रात्री जे वचन ओठात घोळवत होती ते खरं आहे, हे मी तिच्या तोंडाकडे बघून सांगते.

म्हणून माझी विनंती अशी. फॉर्ममधल्या त्या दोन ओळी काढा, किंवा त्या जागी २ तीमथ्य ३:१६ तसंच्या तसं छापा, की शास्त्र परमेश्वरप्रेरित आहे आणि सद्बोध, दोष दाखवणे, सुधारणूक यासाठी उपयोगी आहे, मी लगेच सही करते. तोपर्यंत मला शिकवू द्यायचं की नाही ते कमिटीने ठरवावं, मी वाद घालणार नाही, वर्गाच्या कपाटाची किल्ली मी सेक्रेटरींकडे ठेवून आलेय. आणि माझ्या सुनेशी कोणीतरी बोला. तिने तक्रार केलेली नाही आणि करणारही नाही, ती माझ्यासमोर विषयच काढत नाही, पण ती आता आपल्याकडे प्रार्थनेला येताना बायबल आणत नाही, रिकाम्या हाताने येते.

येत्या बुधवारी सात वाजता बायबल स्टडी आहे. पाळकसाहेब, तुम्ही परवानगी दिलीत तर मी आईचं बायबल घेऊन येते, सुनेला तिचं आणायला सांगते, तुम्ही आपलं नेहमीचं घ्या, आणि एकच अध्याय तिन्हीतून वाचू. त्या मुलाच्या आईला मी काल फोन केला होता. तो आता अकरावीला आहे, कॉलेज रोडला क्लासला जातो, सव्वासातला सुटतो. मागून फोनवर त्याचा आवाज आला, टीचरना विचार, प्रश्न विचारला तर चालेल का. मी म्हटलं चालेल. म्हणून मत्तय २७ आणि कृत्ये १ घेऊ, आणि तो येईपर्यंत सुरू करू नका एवढंच.

प्रभूमध्ये आपली,
संडे स्कूलची टीचर
नाशिक